सुपरजेट ७०१: सुटताना पंप घसरतो, पूर्ण थ्रॉटलला आरपीएम जास्त. आधी इम्पेलर बदलू की नोझल?

आखाती_स्टँडअप (दुबई)

नमस्कार मंडळी,

मशीन यामाहा सुपरजेट (उभं राहून चालवायची जेट-स्की), २००५ चं राउंड-नोज. ७०१ इंजिन, जोड ३८ कार्ब्युरेटर, फॅक्टरी बी पाइप (ताकद वाढवणारा एक्झॉस्ट) बसवलेला. पंप मूळचा १४४ मिमी, इम्पेलर (पंपात पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) मूळचाच, इनटेकची जाळीही मूळची. चालवणाऱ्याचं वजन ८२ किलो. पाणी खारं, किनाऱ्याजवळच्या बारीक उसळत्या लाटा. शर्यत नाही, पण सुटताना जोर हवा आणि वळणातून बाहेर पडताना पकड हवी.

त्रास दोन आहेत. एक, थांबलेल्या स्थितीतून थ्रॉटल दाबला की इंजिन चढतं, मागे फेस उडतो आणि मशीन जागच्या जागी. सेकंद-दीड सेकंदाने एकदम पकड येते. नाक वर असताना हे जास्त होतं. दोन, सपाट पाण्यात पूर्ण थ्रॉटलला टॅकोमीटर ६८५० दाखवतो, पण तेवढ्या आरपीएमच्या मानाने वेग नाही.

विचार असा आहे की ९/१७ पिचचा (पात्यांच्या कोनाचा) इम्पेलर घ्यायचा आणि पंप खाली आहे तोवर लेथवर नोझलही (पाणी मागे फेकणारं तोंड) बोअर करून घ्यायचं. हा क्रम बरोबर आहे का? क्लिअरन्स (इम्पेलरच्या पात्यांभोवतीची फट) किती ठेवायचा, सीलिंग कुठे कुठे करायचं, हेही सांगा.

---

लाटांवर_उभा

क्रम उलटा करा. आधी सीलिंग, मग क्लिअरन्स, मग पिच आणि नोझल सगळ्यात शेवटी. इम्पेलर आणि नोझल एकाच वेळी बदललंत तर आरपीएम कशामुळे हललं ते कळणार नाही. शिवाय नोझलमधून काढलेला धातू परत घालता येत नाही.

तुमची लक्षणं वाचून हवा आत ओढली जातेय असं वाटतं. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याच्या पाठीवर दाब इतका कमी होतो की पाणी तिथल्या तिथे वाफेचे बुडबुडे सोडतं. हवा धरणं म्हणजे बाहेरची हवा फटीतून पंपात शिरते. दोन्हीत इंजिन चढतं आणि जोर जातो, पण उपाय वेगळे. ओळखायचं असं: पंप काढलात की इम्पेलरच्या पात्यांची पाठ, म्हणजे ओढणारी बाजू, बॅटरीच्या उजेडात बघा. पुढच्या धारेपासून थोडं आत किंवा टोकाजवळ खरबरीत, टोचा मारल्यासारखे बारीक खड्डे असतील तर कॅव्हिटेशन. पाती गुळगुळीत आहेत आणि तरी घसरतंय, तर बहुधा हवा.

नाक वर असताना त्रास वाढतो यालाही कारण आहे. सुपरजेटच्या मागच्या बोगद्यात पंपाच्या वर आणि बाजूंना मोकळी जागा असते आणि ती मागून उघडी असते. तिथे हवा असतेच. इम्पेलरच्या पुढे दाब कमी असतो. त्यामुळे पंपाचं तोंड हलला (मशीनच्या सांगाड्याला) जिथे टेकतं त्या सांध्यात केसाएवढी फट असली तरी हवा तिथून आत खेचली जाते. वेग आला की पाणी स्वतःच्या जोराने जाळीतून आत घुसतं, दाब सावरतो आणि पकड येते. तुमचा तो सेकंद-दीड सेकंद हाच.

पाहायच्या जागा: पंपाचं तोंड आणि हलमधल्या इनटेकचं तोंड यांचा सांधा, जाळीची मागची कड, राइड प्लेटची (पंपाखालच्या तळपट्टीची) पुढची कड आणि तिचे बोल्ट. मशीन स्टँडवर कुशीवर ठेवा, खोलीत अंधार करा, इनटेकमध्ये बॅटरी लावा आणि मागच्या बोगद्यातून बघा. उजेड दिसला तिथून हवा जाते.

सीलिंग करताना जुना सिलिकॉन पूर्ण खरवडा. नुसता वरून नवा थर दिला तर पहिल्याच दिवशी सुटतो. दोन्ही पृष्ठभाग ८० च्या पॉलिश पेपरने खरबरीत करा, अ‍ॅसिटोनने दोनदा पुसा, मग पाण्याखाली चालणारा सिलिकॉन द्या. कायमचा चिकटणारा पॉलियुरेथेन वापरू नका, पुढच्या वेळी पंप काढताना हलचा फायबर सोलून निघेल. पंप बसवून बोल्ट आधी हाताने घट्ट करा, बाहेर आलेला सिलिकॉन आतल्या बाजूने बोटाने सपाट करा आणि मगच पूर्ण आवळा. आत गोळा राहिला तर तोच पाण्याच्या वाटेत अडथळा होतो. २४ तास हात लावू नका. १४४ पंपासाठी तयार सील किटही मिळतं, ते बोगद्यातली पंपाभोवतीची पोकळी बंद करतं. बसवलंत तरी कडेने सिलिकॉन लागतोच.

टॅकोमीटरबद्दल: या इंजिनात एका कॉइलमधून दोन्ही प्लगना प्रत्येक फेरीत दोनदा ठिणगी जाते. सेटिंग चुकलं असतं तर आकडा दुप्पट दिसला असता. त्यामुळे ६८५० खरा धरा.

---

पंपवाला_वास्को

वरच्या उत्तराशी सहमत. क्लिअरन्सचं मी सांगतो, कारण वाळूच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या मशीनचा अर्धा जोर तिथेच जातो. गोव्यातल्या भाड्याच्या मशीन असोत की आखातातल्या, उथळ पाण्यात सुरू केलं की वाळू आत जाते आणि पात्याचं टोक व वेअर रिंग (इम्पेलरभोवतीचं कडं) दोन्ही घासतात.

पात्याचं टोक आणि वेअर रिंग यांतली फट फीलर गेजने मोजा. मूळ पंपाला यामाहाचा आकडा ०.३५ ते ०.४५ मिमी आहे आणि ०.६ ला मर्यादा संपते. जोरासाठी पंप बांधताना ०.२५ ते ०.३५ वर आणतात. ०.२ च्या खाली जाऊ नका. वाळूचा एक कण अडकला तरी पातं रिंगला खरवडतं, आणि जोरात आपटी बसली की शाफ्ट थोडा लवतो तेव्हाही टेकतं.

मोजताना प्रत्येक पात्याजवळ चार ठिकाणी मोजा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आकडे लिहून ठेवा, त्यातूनच निदान होतं. सगळीकडे सारखी जास्त फट म्हणजे साधी झीज. एका पात्याला सगळीकडे जास्त म्हणजे ते पातं वाकलंय किंवा टोक तुटलंय. कोणतंही पातं आणलं तरी एकाच बाजूला फट जास्त येत असेल तर रिंग अंडाकृती झालीय किंवा खाऱ्या पाण्याने रिंगच्या मागचं अ‍ॅल्युमिनियम फुगून तिला आत ढकलतंय. रिंग बदलायला काढलीत की मागची ती पांढरी भुकटी पूर्ण साफ करा, नाहीतर नवी रिंगही वाकडीच बसेल.

शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर आधी स्टेटरमधली (इम्पेलरमागच्या स्थिर पात्यांच्या भागातली) दोन्ही बेअरिंग आणि सील बदला, मगच रिंगचा विचार करा. मागचा कोन (शंकूसारखं झाकण) उघडून ग्रीस बघा. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय आणि बेअरिंग आज ठीक वाटलं तरी टिकणार नाही. कोनची ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी घाला.

इम्पेलर काढताना: यामाहाच्या या पंपात आटे डावे आहेत, म्हणजे सुटायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. मॅन्युअलच्या चित्रावरून खात्री करा आणि मग जोर लावा. शाफ्ट त्याच्या होल्डरमध्ये धरा, इम्पेलरला आतून स्प्लाइनमध्ये बसणारं टूल लावा. पात्यात लाकूड किंवा पाइप घालून फिरवू नका, पातं वाकतं आणि डोळ्याला दिसतही नाही. सुटत नसेल तर स्टेटरच्या बाजूने गरम हवा द्या, पण सील बदलायचेच आहेत हे धरून. परत लावताना आट्यांना सागरी ग्रीस आणि पंपाच्या स्टीलच्या बोल्टना अँटीसीझ लावा. अ‍ॅल्युमिनियममध्ये कोरडा स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्यात एका मोसमात जाम होतो.

पंप उघडला आहे तर सांधे जुळवून घ्या. हलचं तोंड, वेअर रिंग, स्टेटर, नोझल या प्रत्येक जोडावर बोट फिरवा. नखाला पायरी लागली तर पाण्यालाही लागते. पाणी पुढून मागे जातं, त्यामुळे पुढचा भाग आत डोकावत असेल तर त्याची कड उतरवून घ्या. मागच्या भागाची कड आत आलेली असेल तर ती जास्त वाईट, कारण पाणी थेट तिच्यावर आदळतं. स्टेटरच्या पात्यांवर ओतकामाचे कंगोरे राहिलेले असतात, ते कानसीने काढा आणि पुढची धार गोलसर-बारीक करा. वस्तऱ्यासारखी नको, ती लगेच दातरते. आरशासारखं पॉलिश करण्यात वेळ घालवू नका, १८० पेपरचा हात पुरे.

---

आखाती_स्टँडअप (दुबई)

खूप आभार दोघांचे. पंप खाली घेतला. मोजमाप असं:

फट वर ०.५५, बाजूंना ०.६, खाली ०.७. तिन्ही पात्यांना जवळजवळ सारखी. इम्पेलरच्या पुढच्या धारा दगड लागून दातरलेल्या आहेत, पाठीवर खड्डे नाहीत. शाफ्टला खेळ नाही, ग्रीस स्वच्छ आहे. अंधारात उजेड दोन जागी दिसला: पंपाच्या तोंडाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि राइड प्लेटच्या पुढच्या कडेला. रिंगच्या खालच्या बाजूला बोटाला जाणवेल अशी चर पडली आहे.

आता नवी रिंग आणि नवा इम्पेलर एकत्र घेऊ का? आणि स्कूपवाली जाळी घेतली तर फायदा होईल का?

---

लाटांवर_उभा

पाठीवर खड्डे नाहीत आणि उजेड दिसला, म्हणजे हवाच. राइड प्लेटच्या पुढच्या कडेची फट सगळ्यात वाईट, ती जाळीच्या अगदी मागे आहे. ती भरल्यावर अर्धा त्रास जावा.

रिंग नवी घ्याच. चर पडलेल्या रिंगमध्ये नवा इम्पेलर घालण्यात अर्थ नाही. पण इम्पेलर लगेच नको. आधी जुन्या इम्पेलरच्या धारा नीट करून नव्या रिंगमध्ये चालवा आणि आरपीएम बघा. धारा नीट करताना बारीक गोल कानस घ्या, पात्याच्या वळणाप्रमाणेच फिरवा आणि तिन्ही पात्यांवरून सारखाच धातू काढा. एका पात्यावर दोन मिमी खोल दात असेल तर तो पूर्ण काढायच्या नादात पातं आखूड करू नका. कडा गुळगुळीत करून तसाच राहू द्या.

---

गंगेतला_बदक (ऑस्टिन, टेक्सस)

जाळीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बरेच जण सरसकट स्कूप जाळी सुचवतात. स्कूपची पट्टी प्रवाहात खाली उतरते आणि पाणी वर ढकलते, त्यामुळे नाक वर असताना किंवा लाटेवरून उडी मारून परत टेकताना पकड लवकर येते. तुमच्या उसळत्या पाण्यात तिचा उपयोग होईल. पण सपाट पाण्यात ती खेचही वाढवते आणि वरचा वेग थोडा खाते. सीलिंग करून चालवून पाहा. तरीही लाटांत घसरत असेल तरच घ्या, आणि घ्यायचीच तर मधल्या लांबीचा स्कूप घ्या.

जाळी बसवताना बोल्टना निळं थ्रेडलॉक लावा. जाळीचा बोल्ट सुटला तर तो सरळ इम्पेलरमध्ये जातो. जाळीचे दांडे हलच्या कडेशी सपाट बसतात का पाहा. मागचं टोक एक-दोन मिमी खाली राहिलं तरी तिथे पाणी फाटतं.

पिचबद्दल. ९/१७ म्हणजे पुढच्या धारेला ९ अंश आणि मागच्या धारेला १७ अंश. मागचा आकडा वाढवला की इंजिनवर भार वाढतो आणि पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम खाली येतो. पुढचा आकडा लहान असेल तर सुटताना पातं पाणी हळुवार उचलतं, कॅव्हिटेशन कमी होतं. तुमच्यासारख्या पाइपवाल्या पण आतून मूळ असलेल्या ७०१ ला लोक साधारण ९/१५ ते ९/१७ यांत राहतात. कंपन्यांच्या पात्यांचा आकार वेगवेगळा असतो, त्यामुळे हूकरचा १५ आणि स्कॅट-ट्रॅकचा १५ सारखाच भार देईल असं धरू नका. सोलासचे आकडे तर वेगळ्याच पद्धतीने वाचावे लागतात.

लक्ष्य आरपीएमचं ठेवा. बी पाइपवर ताकद ज्या पट्ट्यात आहे, साधारण ६४०० ते ६७००, त्यात पूर्ण थ्रॉटलचा आकडा बसला पाहिजे. त्याच्या वर गेला तर पाइपची ताकद संपल्यावर इंजिन नुसतं फिरतं. खाली अडकला तर इंजिन दमून चालतं, तापतं आणि ठोका द्यायला लागतं. ते पिस्टनला जास्त घातक. एक अंशाने साधारण १०० ते २०० आरपीएमचा फरक पडतो असं धरून चला.

आणि एक लक्षात घ्या: आत्ताचे ६८५० हे गळक्या पंपाचे आहेत. सीलिंग आणि रिंग झाल्यावर पंप खरं पाणी ढकलायला लागेल आणि आरपीएम आपोआप खाली येईल. तो ६६०० च्या आसपास थांबला तर तुमचा जुना इम्पेलर पुरेसा आहे. आत्ताच ९/१७ घेतला असता तर सीलिंगनंतर भार जास्त झाला असता.

---

पंपवाला_वास्को

बरोबर बोललात. एक भर घालतो: आरपीएम मोजताना टाकी अर्धी, चालवणारा तोच, पाणी शांत, एकाच जागी दोन्ही दिशांना धावा आणि सरासरी काढा. गार पाण्यात घेतलेला आकडा आणि आखातातल्या उन्हाळ्यातला आकडा एकमेकांशी लावू नका. गरम हवेत इंजिनही थोडं ढिलं असतं आणि गरम पाण्यात कॅव्हिटेशनही किंचित लवकर सुरू होतं.

---

लेथमास्तर

नोझलचा विषय राहिलाय.

नोझल लहान केलं तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वाढतो, पण पाणी कमी जातं आणि पंपात मागे दाब वाढतो. मोठं केलं तर पाणी जास्त जातं, वेग कमी. थांबलेल्या स्थितीतून ओढ हवी तर जास्त पाणी फायद्याचं, वरच्या वेगाला जेटचा वेग. मात्र फार मोठं केलं तर मागचा दाब इतका कमी होतो की इम्पेलरला टेकायला काही राहत नाही आणि तो कॅव्हिटेट होतो. म्हणून आधी इम्पेलर आणि आरपीएम पक्के करायचे, मग नोझल.

बाहेरच्या तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने दोन दिशांना मोजा. मोजल्याशिवाय बोअरला देऊ नका, आधीच्या मालकाने आधीच बोअर केलेलं असू शकतं. व्यासात अर्धा मिमीच्या पायरीने जा. उदाहरणादाखल ८५ चं ८६ केलं तर क्षेत्रफळ २.४ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे एक मिमी ही छोटी गोष्ट नाही. लेथवर नोझल फ्लँजवरून धरून आधी डायल गेजने मध्य साधा. ओतीव भागाची बाहेरची बाजू कधीच सरळ नसते, तिच्यावरून धरलंत तर भोक तिरकं होतं आणि मशीन एका बाजूला ओढतं. शेवटचे काही मिमी सरळ ठेवा आणि आतल्या उताराला ते गुळगुळीत मिळू द्या. तोंडाची कड धारदार असू द्या, गोल केली तर पाण्याची धार फाकते.

मोठं केल्यावर मागचं स्टीयरिंग नोझल बघा. जेट त्याच्या कडेला घासत असेल तर मिळालेलं सगळं तिथेच जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इंजिनला थंड करणारं पाणी याच पंपाच्या दाबातून येतं. नोझल मोठं केलं की तो दाब कमी होतो. हलक्या थ्रॉटलवर बाजूच्या छिद्रातून येणारी पाण्याची धार आधी आणि नंतर बघून ठेवा. धार बारीक झाली तर पंपावरचं पाण्याचं टोक आणि नळी साफ करा. तरी बारीकच राहिली तर नोझल जास्त झालंय.

---

आखाती_स्टँडअप (दुबई)

रिंग नवी बसली, आता फट ०.३ ते ०.३५. धारा नीट केल्या, सीलिंग केलं, २४ तास ठेवलं. सुटतानाचं घसरणं जवळजवळ गेलं. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही दिशांची सरासरी ६६२०. अजून नाक खूप वर केलं की क्षणभर सुटतं. कार्ब्युरेटरला हात लावायचा का?

---

गंगेतला_बदक (ऑस्टिन, टेक्सस)

६६२० म्हणजे नेमक्या जागी. इम्पेलर आणि नोझल दोन्ही राहू द्या. नाक खूप वर केल्यावरच सुटत असेल तर आता मधला स्कूप घ्या, तो बरोबर त्याचसाठी आहे.

कार्ब्युरेटर बघायलाच हवा. आधी पंप निसटत होता तेव्हा इंजिनवर भार नव्हता. आता मधल्या थ्रॉटलला खरा भार आलाय, त्यामुळे जे मिश्रण आधी ठीक वाटत होतं ते आता पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडू शकतं. नवे प्लग लावा, पूर्ण थ्रॉटलला धाव घ्या आणि आरपीएम खाली न येऊ देता लॅनियार्ड (इंजिन बंद करायची मनगटाची दोरी) ओढून इंजिन बंद करा. प्लगची चिनी माती पांढरी फटक दिसली तर हाय स्क्रू पाव फेरी उघडा आणि परत बघा. लो स्क्रू एकावेळी एक अष्टमांश फेरीपेक्षा जास्त हलवू नका. दोन्ही कार्ब्युरेटर सारखेच.

---

पंपवाला_वास्को

पहिल्या तासाभराच्या चालवण्यानंतर पंपाचे, राइड प्लेटचे आणि जाळीचे बोल्ट पुन्हा तपासा. सिलिकॉन दबतो आणि बोल्ट थोडे ढिले होतात. जाळीत किंवा पंपात हात घालण्याआधी लॅनियार्ड काढा आणि बॅटरीची तार सोडा. आणि मशीन कमरेएवढ्या पाण्यात नेऊनच सुरू करा, घोट्याएवढ्या पाण्यात सुरू केलं तर नवी रिंग महिन्याभरात ०.६ ला येईल.